आठवीचे बाक

मिस्त्री कधी माप घ्यायचे नाहीत. दाराची चौकट असो की पाळणा, एकदा डोळे बारीक करून पाहिलं की लाकूड कापायला मोकळे. चूक काढणाऱ्याला ते असं काही बोलायचे की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे. त्यामुळे आपलं चुकतच नाही, असा त्यांचा ठाम समज झाला होता.

गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची नदीपलीकडे, म्हणून सातवीनंतर मुली घरीच. मिस्त्रींची थोरलीही दोन वर्षं घरात होती. शेवटी गावानेच मनावर घेतलं आणि बंद पडलेल्या गोदामात आठवी सुरू करायचं आणि पुढे दहावीपर्यंत वर्ग वाढवायचं ठरलं. गवंड्याने भिंती लिंपल्या, मिस्त्रींनी बाक अंगावर घेतले. थोरलीचं मात्र काही केल्या मन होईना. "एवढी घोडी झाली तरी आठवीत, म्हणतील लोक." बापाने महिनाभर मनधरणी केली, तेव्हा कुठे ती तयार झाली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी बाक गोदामात लागले. बसायची आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यात, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. हेडमास्तर कौतुकाने थोरलीला म्हणाले, "बस बघू, पहिला मान तुझा."

ती बसली. गुडघे वरच्या फळीला अडकले. उठायला गेली तर बाकही तिच्याबरोबर उठला. दारातल्या बायकांत खसखस पिकली.

"मिस्त्री, बालवाडी काढताय का?" गवंडी म्हणाला.

थोरली खाली मान घालून घरी निघून गेली. मिस्त्री तिथेच उभे राहिले. माप त्यांनी तिचंच धरलं होतं. पण मनात उभी होती ती सातवीतली, दप्तर सावरत पळणारी. रोज त्यांना ताट वाढणाऱ्या मुलीकडे त्यांनी धड पाहिलंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

ते घरी आले. थोरली खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती.

"मी येणार नाही, बाबा. सगळं गाव हसलं."

"फळ्या वर घेता येतील. संध्याकाळपर्यंत होईल काम."

"आणि परत चुकलं तर?"

मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवर बसले. "चुकलं ते माझं. नीट बस, माप घेऊ दे." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

थोरली पाय जुळवून ताठ बसली. मिस्त्रींनी टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप धरला आणि आकडा पुटपुटले.

"चार बोटं जास्त धरा," ती म्हणाली. "दहावीपर्यंत बसायचंय मला."