विहीणबाईंची गाडी आणि माझा लॅपटॉप

मुलगी कटंगीला दिली तेव्हा विहीणबाईंशी काय बोलावं ते मला कळायचं नाही. फोनवर एकमेकींची तब्येत विचारून झाली की दोघी गप्प. त्यावर मुलीनंच उपाय काढला. तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप बालाघाटला माझ्याकडे पडून होता. त्यात तिनं मोटारींच्या शर्यतीचा खेळ टाकला, सासूच्या लॅपटॉपातही टाकला. आपापल्या घरी बसून नेटवर एकाच रस्त्यानं गाड्या पळवायच्या. मी चौथी शिकलेली, विहीणबाई दुसरी. खेळात वाचायचं काही नसतं, म्हणून जमलं. रोज दुपारी जेवणं आटोपली की आम्ही सुरू.

अडचण एवढीच की त्यांचा लॅपटॉप नवा होता. माझी गाडी वळणावर अडकायची, चित्र थिजायचं, आणि ते हलेपर्यंत विहीणबाई पोचलेल्या असायच्या. वर फोन करायच्या, "काहून हो, आज बैल जुंपले नाही काय?"

मी हसायचे. मुलीच्या आईला हसावं लागतं. लग्नात मी विहीणबाईंचे पाय धुतले, लुगडं दिलं, शेवटच्या पंगतीला जेवले. पण वर्षभर रोज हरायचं कोणी कबूल केलं नव्हतं.

लॅपटॉप पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं खालचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अम्मा, इसको रखती कहाँ हो?"

"धानाच्या कोठीवर."

पंख्यातून मूठभर कोंडा निघाला. हवा अडली की मशीन तापते आणि तापली की हळू चालते, असं त्यानं सांगितलं. ग्राफिक कार्ड यात बदलता येत नाही, पण रॅम दुप्पट करतो, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकतो, म्हणाला.

"खेलता कौन है? पोता?"

"मी."

"किसके साथ?"

"विहिणीसोबत."

"फिर तो जिताना पड़ेगा," म्हणाला आणि मन लावून कामाला लागला.

त्यानंतर मी लागोपाठ चार दिवस जिंकले. पाचव्या दिवशी मुलीचा दबक्या आवाजात फोन आला.

"माय, काय करून राह्यली तू? सासूबाई म्हणते, बाळंतपणाले माहेरी पाठवतच नाही. मुलीकडचे डोक्यावर बसले म्हणते."

तिला सातवा महिना होता, पहिली खेप. त्या घरात तिला एक दिवस निवांत बसू देणार नाहीत, हे मला माहीत होतं.

"मंग काय करू?"

"हार ना."

"गाडीच पळते, मी काय करू?"

"तर मंग ते नवीन टाकलेलं काढून टाक!"

काढणार नव्हते. दुसऱ्या दिवशी शेवटच्या रेषेजवळ गाडी उभी केली आणि तांदूळ निवडायला गेले. परत येऊन पाहते तर विहीणबाईंची गाडी माझ्या शेजारी उभी. फोन वाजला.

"भीक देता काय मले?"

"नाही जी, तांदूळ निवडत होती."

"निवडा. मी बसतो इथंच."

चहाच्या वेळेपर्यंत दोन्ही गाड्या तिथंच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं विहीणबाई स्वतः आल्या, शालीत लॅपटॉप गुंडाळून. पाय धुतले, चहा घेतला, मग म्हणाल्या, "तुमी माह्यावर खेळा, मी तुमच्यावर खेळतो."

त्या जिंकल्या. पुन्हा खेळलो, पुन्हा त्याच. कंबरेवर हात ठेवून उठल्या.

"म्हणजे मशीनच जिंकत होती. तुमी नाही."

"हौ."

"मंग हा मले द्या."

मुलीकडच्यांनी नाही म्हणायचं नसतं. वायरीसकट दिला, लुगडंही दिलं. आपला नवा लॅपटॉप त्या माझ्या पाटावरच ठेवून गेल्या. जाताना दारात म्हणाल्या, "पोरीले पाठवतो रविवारी. आमच्याकडं गरमी फार होऊन राह्यली."

रविवारी मुलगी आली. सामान आत घेतलं, तिला जेवू घातलं. सोमवारी दुरुस्तीचं दुकान उघडायच्या आधीच मी विहीणबाईंचा लॅपटॉप घेऊन पायरीवर जाऊन बसले.