कात्रीचे तीन आवाज

टेलर मास्तरांचा जुना फोन मीच काढायला लावला. माझं मोबाईलचं दुकान त्यांना लागूनच, त्यामुळे अक्कल पाजळायला लांब जावं लागत नसे.

मास्तरांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. काय बोलायचं ते खडूने, समोरच्या कापडावर. गिऱ्हाइकाच्या पँटवर ‘आधी पोट आवरा’ असं लिहून स्वतःच खुदुखुदु हसणारा माणूस. मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला दमा. दम लागला की त्यांचाही आवाज बंद. म्हणून मास्तरांनी रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात जाऊन ठरवून घेतलं होतं, या नंबरवरून कात्री तीनदा वाजली की गाडी पाठवायची. तिथल्या बाईंनी नंबर-पत्ता भिंतीवर चिकटवला. दोनदा गाडी आलीही.

“हा डबा कशाला हवा?” मी म्हटलं. “नव्या फोनात आजूबाजूची खटखट जातच नाही. फक्त माणसाचा आवाज!”

“ह्यांना ऐकू येत नाही, अन् तुला ऐकून घ्यायचं नसतं,” मावशी म्हणाल्या. “अरे, आमचा आवाज म्हणजे ती कात्रीच.”

“तीही जाईल हो,” मी न तपासता ठोकून दिलं.

त्याच महिन्यात नियंत्रण कक्ष मोठ्या शहरात हलला. भिंत इथंच राहिली.

एका मंगळवारी दुपारी मावशींचा श्वास अडकला. मी माल आणायला गेलो होतो. मास्तरांनी नंबर लावला, कात्री तीनदा वाजवली आणि मावशींची पाठ चोळत दाराकडे बघत बसले. पाऊण तासाने मी आलो, तेव्हाही ते दाराकडेच बघत होते. मावशी गेल्या होत्या.

मावशींचं दिवसकार्य झाल्यावर मी त्या कक्षाला फोन केला. “ज्यांना बोलता येत नाही, त्यांनी काय करायचं?”

“तक्रार नोंदवा ना, साहेब.”

“कशी?”

“याच नंबरवर बोलून.”

मग मास्तरांच्याच फोनवरून मी कात्री वाजवून पाहिली. पलीकडची ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणाली, “आपल्याकडून आवाज येत नाही. कृपया विनाकारण कॉल करू नये.” आणि कट.

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी अस्तराच्या तुकड्यावर लिहिलं, ‘त्या दिवशी काय म्हणाले?’

मी खडू घेतला. ‘उद्या लिहून देतो.’

त्याला आज अकरा दिवस झाले. तुकडा त्यांनी कापायच्या टेबलावर तसाच ठेवलाय, खाली दोन ओळींची जागा सोडून.