उजेड असेपर्यंतची मोटरसायकल

मेधाचा फोन आला तेव्हा मी शिरीषच्याच नावाने बोटं मोडत होते. आदल्या रविवारी त्याच्या त्या मोटरसायकलने लंडनला ईलिंगमधल्या माझ्या दारासमोरच्या फरशीवर तेलाचा नकाशा काढून ठेवला होता आणि मी गुडघ्यांवर बसून तो घासत होते. मेव्हण्याला आज चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच फोन उचलला. पलीकडून माझी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, शिरीष गेला. दुपारी, ड्यूटीवरच. हार्ट." ब्रश माझ्या हातात तसाच होता. या गोष्टीला आता महिना उलटून गेला.

इथल्या महाराष्ट्र मंडळाने हॉल घेऊन शोकसभा केली. तिथे जे ऐकलं त्याने माझं डोकं उठलं. "डॉक्टर म्हणजे साहस! डॉक्टर म्हणजे वेगाची ओढ!" हीच माणसं इतकी वर्षं फराळाच्या प्लेटा हातात धरून मला विचारत होती, "कन्सल्टंट ना तुमचे मेव्हणे? मग धड जर्मन गाडी घेऊन फिरायला काय होतं?" ड्राइव्हवेमधून गाडी रिव्हर्स काढताना ज्यांना मागे बायको उभी लागते, त्यांनी साहसावर बोलावं! आणि वेग कसला डोंबलाचा? शिरीष प्रत्येक शर्यतीत शेवटून पहिला यायचा. जिथे बाकीचे पाय टेकून सावकाश वळायचे, तिथे हा आडवा व्हायचा.

तो साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. "आठवडाभर लोकांना झोपवतो, ताई. रविवारी स्वतः जागा होतो," असं म्हणायचा. जागा होतो म्हणजे काय, तर ट्रेलरवर मोटरसायकल लादायची, कुठल्यातरी शेतकऱ्याच्या भिजलेल्या वावरात जायचं आणि आपल्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर गोल गोल फिरायचं. मी एकदाच बघायला गेले. चिखलात लोळायला म्हशीसुद्धा एवढी तयारी करत नाहीत, हे मी त्याला तिथेच सुनावलं. तो हेल्मेटच्या आतून हसला. दातांवरही चिखल होता.

मग २००५च्या उन्हाळ्यात तो खांद्याजवळचं हाड मोडून घेऊन घरी आला आणि मेधाची सहनशक्ती संपली. "शर्यती बंद. आणि ती गाडी विकून टाक." मी तेव्हा तिथेच स्वयंपाकघरात होते. घरातल्या कुठल्याच बाबतीत तोंड न उघडणारा हा माणूस, पण त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. भिंतींचा रंग मेधाचा, सुट्ट्यांची ठिकाणं मेधाची, मित्र सगळे मंडळाचे. या माणसाकडे स्वतःचं असं त्या चिखलाच्या गोळ्याशिवाय काहीच नाही, हे मला तेव्हा कळलं आणि त्याचा रागच आला. "शर्यती बंद," तो म्हणाला. "पण मी ती रस्त्यावर चालेल अशी केली तर? लीगल?" मेधाने बटाटा सोलता सोलता निकाल दिला, "गणपतीपर्यंत. तोवर रस्त्यावर आली तर राहील. नाही तर जाईल."

आता, मोटोक्रॉसची, म्हणजे चिखलातल्या शर्यतीची मोटरसायकल ही रस्त्याच्या दृष्टीने मोटरसायकल नसतेच. तिला दिवे नाहीत, आरसा नाही, नंबर नाही, हॉर्न नाही, बॅटरीसुद्धा नाही. टायरवर तर कंपनीनेच ‘रस्त्यासाठी नाही’ असं कोरून हात झटकलेले. टायर बदलले, आरसा लावला. आणि या देशाच्या नियमांची अक्कल बघा. गाडीला दिवेच नसतील, तर वार्षिक तपासणी करणारा एमओटीवाला दिव्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. फक्त ती दिवसाउजेडीच चालवायची. हॉर्न मात्र हवाच. हे कळल्यावर शिरीषची बुद्धी सुसाट सुटली. मी तेव्हा पुण्याला गेले होते. तिथे त्याचा फोन, "ताई, येताना रिक्षाचा भोंगा आणाल? रबरी फुग्याचा. त्याला बॅटरी लागत नाही!" आणि मी, चांगली शहाणीसुरती बाई, मेतकुटाच्या डब्याशेजारी भोंगा घालून हीथ्रोला उतरले.

तपासणीच्या दिवशी शिरीष-मेधाबरोबर मीही व्हॅनमधून गेले, तमाशा चुकवायचा नव्हता. तपासनीस सभ्य होता. त्याने फुगा दाबला, पों झालं, त्याला आवडलंही. "छान आहे, डॉक्टर. पण इतक्या नव्या गाडीला हा चालत नाही. बटण दाबून धरलं की आवाज सलग यायला हवा." शिरीषने गंभीरपणे पुन्हा फुगा दाबला. "हा सलगच आहे," तो म्हणाला, "फक्त थोडका आहे." नावामागे पदव्यांची माळ लावणारा माणूस रिक्षाच्या भोंग्यावर नापास झाला! मी व्हॅनमध्ये बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मेधा हसली नाही. तिने पर्समधून डायरी काढून गणपती कधी आहेत ते पाहिलं, आणि शिरीषने तिला ते पाहताना पाहिलं.

त्यानंतर त्याने मला फोन करणं सोडलं. हॉस्पिटलातून आला की गॅरेजमध्ये. एका हॉर्नपायी सीटखाली बॅटरी बांधली, पुन्हा तपासणीला नेली, पास झाली. मग गाडी कुठल्या साली बनली याचा पुरावा हवा म्हणून आयात करणाऱ्या कंपनीच्या मागे लागला. एवढी चिकाटी त्याने प्रमोशनसाठी दाखवली असती तर... जाऊ दे. गणपती माझ्या घरी बसतात. मेधा कारने आधीच येऊन पोचली होती, नंबर आला का विचारलं तर मोदकांच्या पाऱ्या वळायला बसली. आरतीला माणसं उभी राहिली, मी निरांजन पेटवलं, आणि दाराबाहेर आवाज आला... पों.

त्याने तो भोंगा खिशात घालून आणला होता. मागे नवाकोरा नंबर, बाजूला रोड टॅक्स भरल्याची गोल टिकली, कपड्यांवर मेलेल्या किड्यांचा सडा. टाकी एवढीशी, म्हणून वाटेत प्रत्येक पंपावर थांबत आला होता. सीट म्हणजे फळी, त्यामुळे त्याला बसताच येत नव्हतं. त्याने आरती उभ्याने म्हटली, मोदक उभ्याने खाल्ले आणि चहाही खिडकीशी उभ्यानेच प्यायला. मेधा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आला एकदाचा," इतकंच म्हणाली.

पुढे तो महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, तसाच उभा राहून चहा प्यायचा. हिवाळ्यात तर कप अर्धा होईतो दुपार कलायला लागायची, साउथहॅम्प्टनपर्यंत उजेड पुरायला हवा, आणि तरी हा गप्पा आवरायचा नाही. "निघ आता, उजेड जातोय," मी खेकसायचे. दिवे बसव म्हणून दरवेळी सांगितलं. "दिवे बसवले तर इथून निघायला कारण काय राहणार, ताई?" म्हणायचा. मला हे उत्तर तेव्हा मूर्खपणाचं वाटायचं, आजही वाटतं.

गेल्या आठवड्यात, शोकसभेत ‘साहस’ म्हणणारे गृहस्थ मेधाकडे गेले. गॅरेजमध्ये फिरून, टायरला लाथ मारून म्हणाले, "दोन दिवे बसवले की झालं. मी घेतो, वहिनी. तुम्हाला तर ती कधीपासून विकायचीच होती ना?"

"गणपतीपर्यंत म्हटलं होतं मी," मेधा म्हणाली. "तो वेळेत आला." आणि तिने गॅरेजचं दार ओढून घेतलं. माझ्या बहिणीचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

फरशीवरचा डाग मी शेवटी घासून काढला. तेल ते तेल. भोंगा मात्र खिडकीपाशी टांगलेला आहे, त्यानेच कधीतरी टांगला होता. सध्या दुपार सरता सरताच खिडकी काळवंडते. मी चहाचा कप घेऊन तिथे उभी असते आणि तोंडातून निघून जातं, "निघ आता, उजेड जातोय." मग वळून बघते, तर कप एकच असतो, माझ्याच हातातला, आणि शिरीषला चिडून हाकलून द्यायचंसुद्धा आता माझ्या नशिबात नाही.