पावलीची रिकामी खोबण

माझ्या नाण्यांच्या अल्बममध्ये एक पान फक्त पावल्यांचं आहे. पावली म्हणजे चार आणे, पंचवीस पैशांचं स्टीलचं छोटं नाणं. एका बाजूला गेंडा, त्याच्या पायाशी साल आणि सालाखाली टांकसाळीची बारीक खूण. मुंबईची चौकट, नोएडाचा ठिपका, हैदराबादचा तारा. कोलकात्याची काहीच नाही. प्रत्येक सालाची, प्रत्येक टांकसाळीची एकेक पावली मी पुठ्ठ्याच्या गोल खोबणींत बसवत गेलो. शेवटी एक खोबण रिकामी राहिली, ताऱ्याची. साल इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांत कोणी माझ्यासारखा निघाला, तर आमच्या जिन्यात रांग लागायची.

ही पावली व्यापाऱ्याकडून विकत घ्यायची नाही, असा नियम मी स्वतःलाच घालून घेतला होता. मागायची, बदलून घ्यायची, सापडली तर उचलायची. पावली चलनातून जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे शोध वाण्याच्या जुन्या बरण्या, देवळांच्या दानपेट्या आणि भंगाराची दुकानं यांतच फिरत राहिला. खारीगावातल्या एका भंगारवाल्यापुढे मी रविवारची अख्खी सकाळ उकिडवा बसून नाण्यांचा ढीग चिवडला. तो शेवटी म्हणाला, "साहेब, चवन्नी का करोगे क्या? अब तो चवन्नी में चवन्नी भी नहीं आती."

घरी आलो तेव्हा गुडघे धरले होते. बायको म्हणाली, "इतकं मन लावून माझा चष्मा कधी शोधलास का?"

चष्मा तिच्या डोक्यावर होता, पण मुद्दा तिचाच बरोबर होता.

हवी ती पावली मिळत नव्हती. नको त्या मात्र मिळत होत्या. त्यांचा एक बिस्किटाचा डबा भरला. तो डबा मी कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवला होता. असा लपवून का ठेवला होता ते सांगतो, कारण त्याची मला लाज वाटते.

आमची बिल्डिंग भाईंदर पश्चिमेला, जुनी, चार मजल्यांची. मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, सगळे आहेत, आणि सत्यनारायण सगळेच घालतात. पूजेत विड्यावर सव्वा रुपया लागतो. रुपया कुणाकडेही असतो, वरचे चार आणे आता कुठून आणायचे? आमच्याकडे त्याची सोय पहिल्या मजल्यावरच्या मावशी करत. बिल्डिंगची जागा म्हणजे मूळचं त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत. मावशींचे मालक वारले, मुलं विरारकडे मोठ्या घरांत राहायला गेली, मावशी इथेच एकट्या. त्यांच्याजवळ एका पितळी डबीत पिंजरीत, म्हणजे कुंकवात, ठेवलेली एक पावली होती. ज्याच्या घरी पूजा, तो ती मागून न्यायचा. गुरुजी रुपया घेत, पावली ठेवून जात, आणि दुसऱ्या दिवशी ती परत डबीत जायची.

मावशींचा एक कायदा होता. दारात उभ्या माणसाला पावली मिळायची नाही. "लक्ष्मी उभ्या उभ्या देत न्हाईत," असं म्हणून त्या बसवायच्या. चहा व्हायचा. पूजा कशाची, पाहुणे कोण, शिऱ्यात केळं घालणार की नाही, हे सगळं विचारून झालं की मग डबी यायची. परत करायला आलं की पुन्हा तेच.

माझ्या कपाटात डबाभर पावल्या असताना सगळी बिल्डिंग एका पावलीवर पूजा भागवत होती. मी कधी कुणाला म्हटलं नाही की माझ्याकडची घ्या. एक दिली की सगळे मागतील, आणि कुणाच्या हातून एखादी कामाची जाईल, ही भीती. कामाची त्यात एकही नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प बसलो.

मग आमच्याकडे पूजा निघाली, मुलीला नोकरी लागली म्हणून. पावली नेहमीसारखी बायकोच घेऊन आली; मी ती कधी निरखून पाहिली नव्हती. मी सोवळं नेसून पाटावर बसलो होतो. गुरुजी म्हणाले, "यजमानीणबाई, हाताला हात लावा. आता मनात इच्छा आणा." मी विड्याकडे पाहिलं. पानावर रुपया, रुपयावर पावली, गेंडा वर. मी जरा वाकलो. पायाशी साल. सालाखाली तारा.

"यजमान, इच्छा आणलीत का?"

"आणली," मी म्हणालो.

बायकोने माझा कोपर दाबला. लेकीच्या नोकरीच्या पूजेत बापाने मनात काय आणलं, ते तिला बरोबर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबी घेऊन मीच मावशींकडे गेलो. हिच्याऐवजी डबीत गुपचूप दुसरी ठेवून द्यावी, असं जिन्यात मनात आलं होतं. पण ते जमलं नाही, आणि चहाच्या कपावर मी सरळ विचारलं, "मावशी, ही पावली मला द्याल? मी दुसरी आणून देतो, अगदी कोरी."

"हिच्यात काय हाय?"

मी तारा दाखवला. त्यांना तो दिसला नाही. "न्या की," त्या म्हणाल्या. "पावली ती पावली. गुरुजी थोडाच वाचून बघतात?"

त्या दिवशी माझी खोबण भरली. पान पुरं झालं. इतकी वर्षं शोधलेली वस्तू माझ्याच जिन्यात वर-खाली करत होती, याचं हसू येत होतं. आनंद झाला की मला लगेच काहीतरी फेडावंसं वाटतं, तो माझा स्वभाव आहे. कपाटातला डबा काढला. दिवाळीत घरोघर फराळाच्या ताटाबरोबर एकेक पावली दिली, कुंकू लावून, छोट्या कागदी पुडीत. लोक खूश झाले. समोरच्या गुजराती बेन म्हणाल्या, "अरे वा, आता पावलीसाठी खाली जायला नको!" मला ते वाक्य फार गोड वाटलं.

पुढचा श्रावण गेला. पाच-सहा पूजा झाल्या. एका संध्याकाळी मावशी गेटजवळच्या बाकावर बसल्या होत्या. मी थांबलो, तब्येत विचारली.

"बरी हाय. शिरा खाऊन खाऊन शुगर वाढंल आता." मग सहज म्हणाल्या, "परसाद सगळ्यांकडनं आला. पन कसा, पोरं दारातनं देतात आन पळतात. पावली न्यायला मोठी मानसं यायची. बसायची."

त्यात तक्रार नव्हती. माझ्यावर रोखही नव्हता. गेटबाहेर एकजण रिक्षा उलटी घेत होता त्याच्याकडे बघत त्या बोलल्या, आणि पुढे त्याच रिक्षावाल्याला ओरडल्या, "अरे भाई, झाड संभाल के!"

मी वर आलो आणि बूट न काढताच बसलो. वर्षभर मी स्वतःला भला माणूस समजत होतो. मावशींच्या दारावरची बेल मी बंद केली होती, एकेक पुडी वाटून.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मग पूजा घाल," म्हणाली.

"आता कशाची?"

"सत्यनारायणाला कारण लागत नाही. पावली लागते."

अल्बममधून ताऱ्याची पावली काढताना अंगठा जरा अडखळला, खोटं सांगत नाही. ती खिशात घालून खाली गेलो. मावशींनी दार उघडलं. मी म्हणालो, "येत्या पौर्णिमेला पूजा घालतोय. पावली न्यायला आलो."

"तुमच्याकडं डबाभर हायत ना?"

"आहेत. पण त्या डब्यात चहा मिळत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बसा मग," म्हणाल्या. आत गेल्या, आल्याचा वास आला. चहा घेताना मी खिशातली पावली त्यांच्या हातावर ठेवली. "ही तुमची. माझी परत द्या."

त्यांनी तिच्यावर अंगठा फिरवला. "हीच ती," त्या म्हणाल्या. "गेंड्याची पाठ घासलीय. तुमची ती कोरी बोटाला टोचायची. मी काय बोलले न्हाय."

"बोलायचं होतंत ना."

"तुमी एवढं हरखलेलं. कशाला बोलायचं?"

डबी आली. माझी कोरी पावली निघाली, जुनी पिंजरीत बसली. मग पूजा कधी, पाहुणे कोण, मुलगी घरी असेल का, सगळं विचारून झालं आणि त्यांनी तीच डबी माझ्या हातात दिली. जी पावली घेऊन मी खाली उतरलो, तीच घेऊन वर चढलो.

पुढचं काम माझ्या हातून झालं नाही, आपोआप झालं. मागून आणलेली वस्तू माणूस जपतो. स्वतःची चार आण्यांची वस्तू कोण जपणार? समोरच्या बेनची पावली निर्माल्याच्या पिशवीतून खाडीत गेली. तिसऱ्या मजल्यावरची वॉशिंग मशीनमध्ये अडकली आणि मेकॅनिकने ती फेकून दिली. एकाकडे नवखे गुरुजी आले, त्यांनी सव्वाच्या सव्वा उचलला. मग एकेक जण माझ्या दारात.

"अंकल, और एक चवन्नी है क्या?"

"संपल्या हो," मी म्हणतो. "पहिल्या मजल्यावर मावशींकडे बघा. आणि जरा वेळ काढून जा."

डबा अजून कपाटात, कपड्यांच्या मागेच आहे. पूर्वी गप्प राहायचो, आता चक्क खोटं बोलतो. इतर खोट्यांची मला टोचणी लागते, याची लागत नाही.

खोबण पुन्हा रिकामी आहे. रविवारी जमेल तसा शोधतो, भंगारवाला आता मला बसायला स्टूल देतो. आणि वर्षातून एकदा आमच्याकडे पूजा असते. दुसऱ्या दिवशी डबी परत करण्याआधी मी ती पावली काढतो, कुंकू पुसतो आणि अल्बम उघडून खोबणीत ठेवून बघतो. बरोबर बसते. मग ती नखाने काढून डबीत घालतो आणि खाली जातो. उशीर झाला की मावशी ओरडतात, चहा दोनदा गरम करावा लागतो म्हणून.