उभ्या नाटकातून घातलेला बांध

कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशी मी त्याच्यापुढं नारळ फोडला आणि नारळाचं सगळं पाणी कीबोर्डला पाजलं. कीबोर्ड दोन दिवस गच्चीवर शेवयांच्या शेजारी वाळत पडला होता. बारामतीच्या उन्हात काय वाळत नाही! तो वाळला, चालूही झाला आणि त्यामुळं माझा असा समज झाला की कॉम्प्युटरमधलं मला कळतं.

विंडोज पंच्याण्णव नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. कॉम्प्युटर मी आणि माझा धाकटा भाऊ दत्तू, दोघांनी भागीत घेतलेला. दत्तू इंदापूरला राहायचा आणि त्याच्याकडं टेबल नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर आमच्या घरी ठेवला. वापरत मात्र होती माझी बायको मंगल. ती महिला मंडळासाठी नाटक लिहीत होती. तीन अंकी, स्वतःचं, पहिलंवहिलं! डॉसवर चालणाऱ्या मराठी प्रोग्रॅममध्ये, एका बोटानं, थेट कॉम्प्युटरवर. कागदावर एक ओळ नाही. पुढच्या आठवड्यात तालमी सुरू व्हायच्या होत्या.

दोन दिवस माहेरी सुप्याला जाताना ती उंबऱ्यात वळली.

"अहो, माझ्या नाटकाला हात लावायचा नाही."

"छे! मी कशाला लावतोय?"

(माझा आवाज इतका प्रामाणिक निघाला की मलाच संशय आला.)

तिची एस.टी. सुटली असेल-नसेल, तोच दत्तू विंडोजची सीडी घेऊन हजर.

"दादा, आज विंडोज टाकू. ह्या डॉसमुळं कॉम्प्युटर म्हणजे नुसता बंद पडलेला टीव्ही वाटतोय."

"आणि वहिनीचं काय? तिला डॉसच लागतं."

"दोन्ही राहतील की! चालू केलं की मशीनच विचारतं, डॉस का विंडोज? फक्त आतल्या डिस्कचे दोन भाग पाडायला लागतात. आमच्या कोर्सला शिकवलंय."

"तू पाडलेस कधी?"

"पाडताना बघितलंय."

'भाग पाडायचे' हे शब्द ऐकून आतल्या खोलीतली खाट करकरली. तिथं आमचे वडील, तात्या, झोपले होते. वडगाव निंबाळकरहून दात दाखवायला आलेले. गावातल्या निम्म्या वाटण्यांना तात्या पंच होते आणि उरलेल्या निम्म्यांना आपल्याला बोलावलं नाही याचा राग त्यांच्या मनात होता.

"वाटणी हाय व्हय? थांबा, मी आलो."

तात्या टोपी घालून आले. (वाटणीला बोडक्यानं बसत नाहीत. मग ती शेताची असो नाहीतर हार्ड डिस्कची!)

"थोरल्यानं वाटं पाडायचं, धाकट्यानं आधी उचलायचं. रीत हाय."

मी थोरला. मी मन मोठं करून बरोबर मधोमध भाग ठरवले. एक सी, एक डी. दत्तूनं सी उचलला.

"रस्त्याकडंचा उचलला बघा!" तात्या कौतुकानं म्हणाले. "हुशार हाय."

इथं मात्र मला मंगल आठवली. "तात्या, पण आत नाटक आहे तिचं."

"आरं, उभ्या उसातनं बांध घातला म्हणून ऊस कुठं जातुया? ज्याच्या हिश्श्यात यील, त्यानं तोडायचा!"

हे इतकं चोख होतं की मी, एम.ए. बी.एड., मान डोलावली. दत्तूनंही डोलावली. कोर्सला ऊस शिकवलाच नव्हता.

"दादा, एक मोकळी फ्लॉपी दे. मशीन तिच्यावरनं चालू करायला लागतंय."

कपाटात एकच फ्लॉपी होती. तिच्यावर मंगलच्या अक्षरात 'नाटक' असं लिहिलेलं. मी विचार केला (हीच माझी खोड!), नाटक तर कॉम्प्युटरमध्ये आहेच, मग परत फ्लॉपीत कशाला? एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात भरून ठेवायची ह्या बायकांना सवयच असते! दिली काढून. दत्तूनं ती धुऊनपुसून लख्ख मोकळी केली.

मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत इशारा आला. ह्या भागातली सगळी माहिती नष्ट होईल, पुढं जायचं का? मी हायस्कुलात इंग्रजीच शिकवतो. इशारा मला व्यवस्थित वाचता आला. फक्त खरा वाटला नाही.

"काय म्हणतंय?" तात्यांनी विचारलं.

"सगळं जाईल म्हणतंय."

"म्हणू दे. सरकारी कागदावर बी असंच भ्या घालत्यात. दाब!"

मी दाबलं.

पुढचं काम मात्र देखणं झालं, हे मला मान्य केलंच पाहिजे. दुपारपर्यंत एका भागात विंडोज, दुसऱ्यात नवंकोरं डॉस. बटण दाबलं की मशीन अदबीनं विचारायचं, कुठं जायचं? आम्ही आधी एकीकडं जाऊन पाहिलं, मग दुसरीकडं. दोन्हीकडं कोणी नव्हतं. नाटक नाही, पात्रं नाहीत, तीन अंकांतला एकही अंक नाही!

"दत्तू, ऊस कुठाय?"

"दादा... नांगरट झाली वाटतं."

"मोजणी चुकली तुमची," तात्या टोपी काढत म्हणाले.

मग आठवून लिहायचं ठरलं. मंगल स्वयंपाक करता करता संवाद म्हणायची, ते तिघांनीही ऐकले होते. तासभर डोकं खाजवून एकच वाक्य आठवलं, "अगं बाई, आता काय करायचं गं!" आणि ते नाटकातलं की आत्ता दत्तू म्हणाला ते, यावर वाद झाला.

चारच्या सुमाराला तात्यांना एकाएकी गाईची आठवण आली आणि ते दुखऱ्या दातासकट वडगावला निघाले. दत्तूची तर म्हणे इंदापूरची शेवटचीच गाडी होती. दुपारी चारला!

दुसऱ्या दिवशी मंगल बाजरीची पिशवी घेऊन आली. मी चहा करून दिला. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"काय केलंत?"

मी सगळं सांगितलं. बांधापासून फ्लॉपीपर्यंत. ती उठली, कॉम्प्युटर चालू केला आणि दोन्हीकडं डोकावून आली. मी घाबरून म्हणालो, "तू सांग, मी बसून परत टाइप करतो. सगळं. एका बोटानं."

"राहू द्या," मंगल म्हणाली. "त्यातला नवरा मी शहाणा दाखवला होता. गोष्ट ऐकून मंडळातल्या बायका म्हणतच होत्या, बाकी सगळं झकास आहे गं, तेवढा नवरा काही खरा वाटत नाही. आता समोर बघून लिहिते."