कंबरेची एक गाठ

श्रावणात पेठ गावातल्या आमच्या ओट्यावर एक राणीमुंगी सापडली. पाठीवर पंख गळाल्याच्या खुणा होत्या, म्हणून राणी हे नक्की. मुंग्या पाळायचं खूळ माझ्या डोक्यात नवीनच शिरलं होतं. आळेफाट्याच्या गॅरेजातून सुटलो की सायबर कॅफेत अर्धा तास मुंग्यांची चित्रं बघायचो आणि स्वतःला पंडित समजायचो. औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओला कापूस घालून तिला ठेवलं. चार दिवसांत तिनं अंडी घातली. पहिल्या मुंग्या निघेपर्यंत तिला जगवायचं, एवढाच ध्यास होता.

त्यासाठी जात ओळखायला हवी होती. मुंगळ्याची राणी तोवर काही न खाता तग धरते. तिला खाऊ घातलं तर उलट बाटलीत बुरशी धरते. शिकारी जातीची मात्र उपाशी मरते. मी भिंगातून कंबर पाहिली. एकच गाठ; काही जातींना दोन असतात. मुंगळ्यालाही एकच असते. झालं, ठरवून टाकलं.

बायको आहुप्याची, रानात वाढलेली. तिनं बाटली उजेडाला धरली.

"अवं, ही मुंगळी न्हाई. आमच्याकडं ह्या वाळवी धरून न्हेत्यात, डंख बी लई मारत्यात. हिला खायाला घाला."

तिच्या माहेरी मुंग्यांना पीठ घालायची रीत. मला वाटलं, हे तेच पुण्य कमावायचं वेड.

"पुण्य हवं तर दारात साखर टाक. माझ्या बाटलीला हात लावू नकोस."

तिच्या तळहातावर दोन-तीन वाळव्या होत्या. मी तो हात झटकला. ती पुन्हा बाटलीकडे फिरकली नाही.

राणी मंदावत गेली. अंडी राखतेय म्हणून बसून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. अठराव्या दिवशी ती आडवी झाली, जबड्यात अंडी तशीच. टाचणीनं उलटी केली तर बुडाशी नांगी बाहेर आलेली; मुंगळ्याला नांगी नसतेच. भिंगाचीही गरज पडली नाही. फार वाईट वाटलं, आणि लाजही.

बायको चुलीपुढे भाकरी थापत होती.

"तुझंच खरं होतं," मी म्हणालो.

तिनं मान वळवली नाही. "मुंगीचं जाऊ द्या. ह्या घरात आल्यापास्नं मी आजून काय काय खरं बोलले, सांगा बरं."

मी उभा राहून आठवत राहिलो. एकही आठवेना.