राखेच्या बुधवारचं गाणं

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. आता विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

पोलीस ॲक्शनला काही वर्षं झाली होती. परभणीत आमची ख्रिस्ती मंडळी लहान. मी शाळेत मास्तर होतो आणि उपासनेची गाणी निवडायचं काम माझ्याकडे होतं. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी पेटी, ढोलकी बंद. एकाने पुढे वेदीच्या कठड्याजवळ उभं राहून ओळ उचलायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. त्याच दिवशी, त्याच कठड्याजवळ, मंडळीतून काढलेला माणूस आपलं पाप कबूल करी आणि त्याला परत घेतलं जाई.

ओळ उचलायची ती दवाखान्यातली दाई. तसा गळा दुसऱ्या कोणाचा नव्हता. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी. काम संपायला उशीर झाला की कंपाउंडर तिला घरापर्यंत सोडी, त्यावरून कुजबुज होती. कंपाउंडर माझ्याच खोलीत राहायचा. मी ठेवलेलं चहाचं आधण उकळायच्या आत तो परत आलेला असे. कुजबुजीत तथ्य नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

त्या वर्षी मी दावीद राजाचं गाणं निवडलं. दुसऱ्याची बायको घेतल्यावर त्याने आपलं पाप कबूल करत केलेला विलाप. चाल भैरवीतली, तिच्या गळ्याला शोभणारी. मी तेवढंच पाहिलं.

ती शाळेत आली. "मास्तर, हे नगं. दुसरं कोणतं बी द्या."

"का? चाल अवघड आहे?"

"चालीचं न्हाई हो. सासरचे सोनपेठात टपून बसलेत पोरीला न्यायला. मी तिथं हुभी राहून हे म्हणलं तर लोक काय समजतील?"

"गाणं दावीदाचं आहे, बाई. तुमचं थोडंच आहे?" मी हसलो.

"तुमाला हसायला काय जातंय," ती म्हणाली. तरी चाल बसवून घेऊनच गेली.

ती फार चांगली गायली. उपासना संपल्यावर एका म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलंस माय. मोकळी झालीस." मग आणखी काही बायका जवळ गेल्या. कोणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी तिला क्षमाच केली.

ईस्टरच्या आधीच दीर सोनपेठहून आला. पाळकांना म्हणाला, "भरल्या मंडळीत कबूल केलंय तिनं. अशा घरात आमची पोर ठिवायची का?"

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नको म्हणत होती, गाणं मीच गळ्यात घातलं, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणालो, "मी गाणी चालीवरून निवडतो." दीर मुलीला घेऊन गेला.

पुढे ती ताडकळसला राहायला गेली. एकदा तिथल्या बाजारात भेटली.

"मास्तर, औंदा कोणतं गाणं घ्यायलाव?"

मी सांगितलं. तिने चाल विचारली, मी गुणगुणून दाखवली. "बरी हाय," म्हणाली आणि भाजीची पिशवी उचलून निघाली.

काही वर्षांनी ती गेल्याचं कळलं. "चुकलं माझं, बाई. तुम्ही नको म्हणालात, तेव्हाच गाणं बदलायला हवं होतं," एवढंच मला त्या बाजारात म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही.